विश्लेषण : अपघातग्रस्तांना उचलणाऱ्या हातांना ‘कावीळ ब’ची लस कोण देणार?

१५ जुलै २०२४ ची रात्र. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. डोंबिवली परिसरातून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ ट्रॅक्टरला धडकली आणि रस्त्याकडेला खाली कोसळली. पाच जणांचा मृत्यू झाला, चाळीसहून अधिक जण जखमी झाले. जखमींना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात हलवण्यात आले. त्याआधी १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात, शिंग्रोबा मंदिराजवळ ढोलपथकाची बस दरीत गेली. त्यात १३ जणांनी जीव गमावला.

अशा बातम्यांत मृतांचा आकडा असतो, चालकावरचा गुन्हा असतो, वाहतूक किती तास ठप्प होती हेही असते. उलटलेल्या बसच्या फुटलेल्या काचांतून माणसे बाहेर काढणाऱ्यांच्या हातांचे काय झाले, हे मात्र सहसा कुठे येत नाही. किती जणांच्या हातात मोजे होते? किती जणांना काच लागली? कापलेल्या बोटावर दुसऱ्याचे रक्त सांडले असेल, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी कुठे तपासणी करून घेतली का? हा प्रश्न फक्त काळजीचा नाही. रक्तातून पसरणारे तीन विषाणू यात गुंतलेले आहेत. त्यातल्या एकावर भारतातच बनणारी लस उपलब्ध आहे आणि ती कोणी द्यायची याची जबाबदारी घ्यायला कोणीतरी पुढे येण्याची गरज आहे.

अपघातस्थळी आधी कोण पोहोचते?

द्रुतगती मार्ग कळंबोलीत सुरू होतो. गोवा महामार्ग पळस्प्याला फुटतो, जुना मुंबई-पुणे रस्ता शहराला लागून जातो, जेएनपीटीचे कंटेनर दिवसरात्र येतात-जातात. त्यामुळे पनवेल परिसरात अपघातानंतर धावणाऱ्यांची यादी मोठी आहे. महामार्ग पोलीस, स्थानिक ठाण्याचे कर्मचारी, १०८ रुग्णवाहिकेतले डॉक्टर आणि चालक, अग्निशमन दलाचे जवान, टोल कंपनीचे गस्ती पथक, ‘देवदूत’ पथक, क्रेनवाले. आणि बऱ्याचदा या सगळ्यांच्या आधी पोहोचलेला एखादा ट्रकचालक, हॉटेलातला पोऱ्या किंवा जवळच्या गावातली चार माणसे. खोपोलीतले स्वयंसेवक तर घाटात अपघात झाला की फोनवरून एकमेकांना कळवून धावतात.

यातल्या डॉक्टरला सुई टोचण्याचा धोका शिकवलेला असतो. बाकीच्यांचे काम वेगळे आहे. चेपलेल्या केबिनमधून चालकाला ओढून काढताना हाताला पत्रा लागतो. समोरची काच फुटली तर तिचे धारदार तुकडे होतात. बाजूच्या काचांचे बारीक चौकोनी दाणे होतात, ते बोथट वाटतात पण घाईत ओरखडे काढतातच. पोलीस हवालदार बेशुद्ध माणसाच्या खिशात हात घालून मोबाइल आणि आधार कार्ड शोधतो, कारण घरी कळवायचे असते. त्या खिशात काय आहे हे त्याला दिसत नसते.

रक्ताचा धोका जखमी माणूस रुग्णालयात गेल्यावर संपतही नाही. ‘कावीळ ब’चा, म्हणजे हिपॅटायटीस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. अपघातग्रस्त गाडी क्रेनने उचलली जाते, पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते, मग विम्याचा माणूस येतो, मग गॅरेज. आठवडाभराच्या आत सीट काढणारा फिटर त्या साखळीतला शेवटचा माणूस असतो. त्याला तर आपण अपघाताशी जोडतही नाही.

धोका नेमका किती?

इथे घाबरवणे सोपे आहे, पण आकडे नीट पाहिले तर चित्र वेगळे दिसते. शाबूत त्वचेवर रक्त पडले तर लागण होत नाही. साबण-पाण्याने धुतले की प्रश्न मिटला. धोका सुरू होतो तो त्वचा फाटली असेल, किंवा रक्त डोळ्यांत-तोंडात उडाले असेल तेव्हा.

संसर्गित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. डोळ्यांत किंवा तोंडात रक्त उडाले तर ती हजारात एकाच्या आसपास. हिपॅटायटीस सीसाठी जुन्या अभ्यासांतला आकडा १.८ टक्के होता, नव्या अभ्यासांत तो आणखी कमी दिसतो. आणि हिपॅटायटीस बी? लस न घेतलेल्या माणसाला ६ ते ३० टक्के. म्हणजे आपण ज्या आजाराला सर्वाधिक घाबरतो त्याच्या किमान वीसपट, आणि कधी शंभरपट धोका त्या आजाराचा, ज्याचे नाव अपघाताच्या जागी कोणी काढत नाही. हे सगळे आकडे सुईचे आहेत. काच-पत्र्याच्या जखमेसाठी इतके नेमके मोजमाप नाही, पण तिन्ही विषाणूंची क्रमवारी तीच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात हिपॅटायटीस बीसह जगणारे लोक तीन कोटींच्या आसपास आहेत. एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख. त्यातल्या हिपॅटायटीसवाल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. म्हणून ‘याला काही आजार आहे का’ असे जखमीच्या नातेवाईकाला विचारणे निरुपयोगी आहे. उत्तर ‘नाही’ आले तरी त्याला अर्थ नाही. शिवाय एचआयव्हीबाबत कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, तसा कायदा आहे. सरळ नियम एकच : प्रत्येक रक्त संसर्गित असू शकते असे धरून मोजे घालायचे, आणि माणूस कोणीही असो, त्याला सारख्याच तत्परतेने उचलायचे.

प्रौढ माणसाला हिपॅटायटीस बीची लागण झाली तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचे शरीर स्वतःच विषाणू हटवते. उरलेल्यांत तो यकृतात मुक्काम करतो. अनेक वर्षे काहीच जाणवत नाही. मग सिरॉसिस, कधी यकृताचा कर्करोग. तोवर तो जवान निवृत्त झालेला असतो आणि कोणत्या अपघातातले ते रक्त होते हे त्याला आठवतही नसते.

लस आहे, मग अडते कुठे?

हिपॅटायटीस बीची लस नवी नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पहिली भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि तोवर परदेशातून येणाऱ्या महाग लशीची किंमत आवाक्यात आली. तीन डोस : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

अडचण जन्मवर्षात आहे. सरकारी लसीकरणात हिपॅटायटीस बीचा समावेश २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात, काही शहरे आणि जिल्ह्यांपुरता झाला. ती देशभर पोहोचायला २०११ उजाडले. याचा साधा अर्थ असा की आज रस्त्यावर काम करणारे, पंचविशी ओलांडलेले बहुतेक पोलीस, जवान, चालक यांना लहानपणी सरकारी केंद्रात ही लस मिळालेली नाही. माझ्या पिढीलाही नाही. आई-वडिलांनी खासगी दवाखान्यात पैसे भरून दिली असेल तरच. बीसीजीचा व्रण दंडावर दिसतो म्हणून ‘माझ्या सगळ्या लशी झाल्यात’ असे समजणाऱ्यांनी हे एकदा घरी विचारावे.

केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटीस बीची लस देण्याची तरतूद आहे, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण ‘आरोग्य कर्मचारी’ या शब्दात क्रेनचा हेल्पर बसत नाही. अग्निशमन जवान, पोलीस, टोल कंपनीचा गस्तीवाला यांना त्यात बसवायचे तर कोणीतरी तशी नावनिशीवार यादी करून पुढे सरकवावी लागते. माझ्या मते सगळा प्रश्न या यादीपाशी येऊन थांबतो. लस आहे, ती टोचणारे हात आहेत, पैसाही फार लागत नाही. यादी कोणाच्या टेबलावर तयार व्हायची हेच ठरवावे लागेल.

अजून एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तीन डोस झाले म्हणजे संरक्षण मिळालेच असे नाही. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे मोजावी लागतात. त्यांची पातळी १० एककांहून कमी असेल तर पुन्हा डोस द्यावे लागतात. निरोगी तरुणांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना पुरेसे संरक्षण मिळते, पण चाळिशीनंतर हे प्रमाण घटते. म्हणून ही लस नोकरीच्या पहिल्या महिन्यात द्यायची असते, निवृत्तीआधीच्या आरोग्य शिबिरात नाही.

पहिले दोन तास

एचआयव्हीवर लस नाही, पण संपर्कानंतर घ्यायची औषधे आहेत. वैद्यकीय भाषेत त्यांना पीईपी म्हणतात. पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा. ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. सुरू केले की २८ दिवस पूर्ण करायचे. हिपॅटायटीस बीसाठी, लस झालेली नसेल तर, तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांत आणि त्याच वेळी लशीचा पहिला डोस. हिपॅटायटीस सीवर लसही नाही आणि संपर्कानंतरचे औषधही नाही. मात्र वेळोवेळी रक्त तपासत राहिले आणि लागण आढळली, तर गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

आता हे दोन तास द्रुतगती मार्गावर ठेवून पाहा. रात्री अडीच वाजता भाताण बोगद्याजवळ अपघात. जवानाच्या तळहाताला काच लागली, जखमीचे रक्त त्यात गेले. काम सोडून तो जात नाही, जाऊही शकत नाही. रस्ता मोकळा व्हायला पहाट होते. मग त्याने कुठे जायचे? पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. यातल्या कुठल्या दारात, रात्रपाळीला, कोणाकडे पहिली गोळी मिळेल हे त्याला आधीपासून पाठ असायला हवे. तो तिथे जाऊन विचारणा करीत बसला तर दोन तास केसपेपर काढण्यातच जातील. प्रत्येक अग्निशमन केंद्राच्या, प्रत्येक महामार्ग पोलीस चौकीच्या भिंतीवर एक कागद चिकटवायचा : रुग्णालयाचे नाव, विभाग, रात्री चालणारा फोन नंबर. इतके साधे काम आहे.

प्रथमोपचारात मराठी घरातली सवय इथे उलटी पडते. बोट कापले की आपण ते तोंडात घालतो किंवा दाबून रक्त काढतो. इथे दोन्ही करायचे नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. चोळायची नाही, स्पिरिट-डेटॉल ओतायचे नाही. डोळ्यांत रक्त उडाले तर स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवायचे, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना ती तशीच ठेवायची, नंतर काढायची. त्यानंतर लगेच रुग्णालय.

मोज्यांबद्दलही बोलायला हवे, कारण ‘मोजे दिले’ म्हणून फाइल बंद होते. रुग्णालयातले पातळ लेटेक्सचे मोजे पेट्रोल-डिझेल-ऑइल लागले की सैल पडतात, आणि अपघाताच्या जागी या तिन्हीचा सडा असतो. नायट्रिलचे मोजे त्यात टिकतात. पण काचेपुढे नायट्रिलही टिकत नाही. म्हणून आत नायट्रिल आणि वर कापण्याला दाद न देणारे जाड मोजे, अशी जोडी लागते. सोबत चष्मा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये सेफ्टीचा जो क्रम शिकवतात त्यात मोजे-चष्मा शेवटच्या पायरीवर असतो, आधी धोकाच कमी करायचा असतो. रक्ताच्या बाबतीत धोका कमी करणारी ती आधीची पायरी म्हणजे लस. आपण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो आणि तिथेही स्वस्तातला मोजा घेतो.

कायदा कोणाला बांधील करतो?

अनेकांना हे दयेचे काम वाटते. तसे ते नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम १९ आरोग्य सेवा देणाऱ्या संस्थांपुरते थांबत नाही. कामाच्या ओघात एचआयव्हीच्या संपर्काचा लक्षणीय धोका असलेल्या इतर आस्थापनांनाही ते लागू होते. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना संरक्षक साधने द्यायची, ती वापरायचे प्रशिक्षण द्यायचे आणि संपर्क झाल्यास पीईपी उपलब्ध करायची, ही जबाबदारी आस्थापनेची. आस्थापनेची व्याख्या करताना कायद्याने मोबदला घेऊन किंवा न घेता चालणारे काम असेही म्हटले आहे. अपघातातून रक्तबंबाळ माणसे बाहेर काढणारे पथक यात येत नाही, असा युक्तिवाद कोणी करणार असेल तर त्याने तो लेखी करावा.

नुकसानभरपाईची बाजूही आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेले संसर्गजन्य रोग हे व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले होते. कंत्राटी कामगाराला अशा तरतुदीचा आधार मिळू शकतो. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे दोन कागद : घटना घडली त्या दिवसाची लेखी नोंद, आणि त्याच सुमारास केलेली रक्ततपासणी, जिच्यात विषाणू नव्हता हे दिसते. त्यानंतर सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तपासण्या. पहिला कागद नसेल तर दहा वर्षांनी निघालेली कावीळ ही त्याची ‘वैयक्तिक’ ठरते. ‘काच लागली, पट्टी बांधली, कामाला लागलो’ हे ऐकायला शूरपणाचे वाटते, पण कायद्याच्या भाषेत तो जवान स्वतःचा पुरावा स्वतःच पुसत असतो. म्हणून वरिष्ठाने वहीत नोंद घ्यायलाच हवी. जखम छोटी असली तरी.

अमेरिकेत काय केले?

अमेरिकेत १९८३ मध्ये एका वर्षात सुमारे १७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटीस बीची लागण झाल्याचा अंदाज होता. १९९५ पर्यंत तो आकडा ४०० वर आला. मधल्या काळात लशीचा वापर वाढला, प्रत्येक रक्त संसर्गित मानून काम करण्याची पद्धत रुळली आणि १९९१ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेने, ओशाने, नियम केला : रक्ताशी संबंध येणाऱ्या कामावर नेमल्यापासून कामाच्या दहा दिवसांत मालकाने हिपॅटायटीस बीची लस फुकट देऊ करायची. नियम व्यवसायाच्या नावावर नव्हता, कामाच्या स्वरूपावर होता. त्यामुळे रुग्णवाहिका आणि अग्निशमनवालेही त्यात आले.

त्या नियमाच्या अंमलबजावणीत एक सवलतही आहे. ज्यांचे मुख्य काम वेगळे आहे आणि प्रथमोपचार ही जोडजबाबदारी आहे, अशांना आधी लस दिली नाही तरी चालते, पण रक्ताशी संबंध आलेल्या घटनेनंतर २४ तासांत ती देऊ करायची. आपल्याकडे टोलनाक्यावरचा कर्मचारी, गॅरेजवाला, हॉटेलचालक यांच्यासाठी हे जसेच्या तसे उचलता येईल.

मग पनवेलमध्ये कोणी काय करायचे?

द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा. टोल आणि गस्त कंत्राटदाराकडे. १०८ सेवा आरोग्य विभागाची, पण चालवणारे कंत्राटी. पोलीस गृह विभागाचे. अग्निशमन सेवा महापालिका आणि सिडको यांच्याकडे. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, म्हणजे नवी आहे आणि नियम घालून घ्यायला अजून उशीर झालेला नाही. इतके मालक असले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे : निविदेत एक ओळ. कंत्राटात किती क्रेन, किती रुग्णवाहिका, किती मिनिटांत पोहोचायचे हे लिहिता येते, तसे ‘कामावरच्या प्रत्येक माणसाचे हिपॅटायटीस बी लसीकरण आणि प्रतिपिंड तपासणीचे प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही’ हेही लिहिता येईल. कंत्राटदार भाषणाने हलत नाही, बिल अडले की हलतो.

उरतात ते कोणाचेच कर्मचारी नसलेले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा चिखलातून, पावसात गड चढून मदत पोहोचली होती, आणि त्यात आसपासच्या गावांतले, गिर्यारोहक संस्थांतले कितीतरी जण होते. मृतदेह हाताळणाऱ्यांना हिपॅटायटीस बीची लस दिलेली असावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रस्त्यावर मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदतनीसाला साक्षीच्या फेऱ्यांपासून वाचवले गेले. जखमीच्या रक्तापासून वाचवण्याचे कलम अजून कोणी लिहिलेले नाही. खोपोली-खालापूर-पनवेल पट्ट्यातल्या नोंदणीकृत स्वयंसेवकांची संख्या काही हजारांत नाही. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस ठरवला, तहसील कार्यालयाने आपत्ती व्यवस्थापनाची यादी दिली, तर सहा महिन्यांत तिन्ही डोस पूर्ण होतात.

तोवर, गाडीत प्रथमोपचार पेटी असेल तर ती आज एकदा उघडून पाहा. बहुतेक पेट्यांत कापूस आणि पट्टी मिळते, मोजे नसतात. नायट्रिलच्या दोन जोड्या, पाण्याची एक बाटली आणि साबणाची वडी त्यात मावते. आणि कोणाच्या रक्ताशी जखमेतून संबंध आलाच, तर रात्री कोणतीही वेळ असो, जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन ‘पीईपी हवी आहे’ हे नेमके शब्द वापरा. माहितीसाठी १०९७ हा एड्स नियंत्रण संघटनेचा टोल फ्री क्रमांक आहे.